रुखवतातले साखरेचे वृंदावन

लग्नाचा खर्च आवरायचा म्हणून नवरीच्या आईने रुखवत घरीच केले होते. मधोमध साखरेचे तुळशीवृंदावन होते. नवरदेवाच्या आत्याने ते उचलून तळाशी दुकानाची चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती.

“काढून टाकली असेल,” ती शेजारच्या बाईला म्हणाली. “हल्ली रुखवतसुद्धा भाड्यानं मिळतं. प्लास्टरचं असतं हो सगळं!”

संशयाला काही न सापडणेही पुरते. घरच्या कामात सफाई दिसली की ते विकतचे ठरते, आणि नाही दिसली की ऐपत निघते.

आईने ऐकले होते. तिने वृंदावनाचा कोपरा मोडून आत्याच्या हातावर ठेवला. “घ्या आत्याबाई, खाऊन बघा.”

आत्याने चघळले. “गोड आहे हो,” ती म्हणाली.

रुखवत पाहायला आणखी बायका येत होत्या. आईने मोडकी बाजू भिंतीकडे वळवली.