पाटीवरचा न

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की बुलढाण्यातली एक पाटी आठवते. शेताच्या दाव्यासाठी माझ्या काकांना दर महिन्याला नागपूर गाठावं लागे. त्या दुपारी वकिलाची तार आली: उद्या हजर नसाल तर दावा गेला. काका देऊळघाटला भाजी पिकवत. बाजार उठताना वांगी स्वस्त होतात, तशा विमानातल्या उरलेल्या जागाही होत असणार, हा त्यांचा तर्क. एस.टी. स्टँडसमोर नव्या पाटीवर ‘विमा’ एवढंच लिहिलं होतं. "न रंगवाचा राह्यला असंल," म्हणत ते मला घेऊन आत शिरले. भर उन्हाळ्यात टाय लावलेले एक साहेब बसले होते. "साहेब, एक पाह्यजे. ऐनवेळचं, स्वस्त." "ऐनवेळी महागच पडतो, काका. तरुणपणीच काढायचा." "तरुणपणी? मले तं उद्या लागते!" "तब्येत कशी आहे?" "तब्येतीचं काऊन इचारता? वर नेता का नाही ते सांगा." "वर गेल्यावरच पैसे मिळतात," साहेब गंभीरपणे म्हणाले, "घरच्यांना." काकांनी माझ्याकडे पाहिलं, मलाही काही कळलं नव्हतं. तेवढ्यात नागपूरची रेल्वे गाठून देणारी मलकापूरची शेवटची एस.टी. दारासमोरून निघून गेली, आणि तिच्याबरोबर दावाही. आता मी पुण्याहून नागपूरचं ऐनवेळचं स्वस्त तिकीट फोनवर शोधतो. पैसे भरण्याआधी फोन विचारतो, ‘विमा हवा का?’ आणि दर वेळी मला वाटतं, न रंगवायचा राहिलाय.