ओवाळलेले इंजिन
८ ऑक्टोबर २०१९, दसरा, सकाळचे सात. पोंभुर्ण्याच्या आमच्या अंगणात जीप शिरली आणि झेंडूच्या वासात डिझेलचा धूर मिसळला. माझी जीप पेट्रोलची होती. भामरागडच्या रस्त्यांवर मी नोकरीभर जी सरकारी जीप चालवली, तीच पुढे लिलावात विकत घेतली होती. रंगवायला म्हणून चंद्रपूरला नेलेल्या त्या जीपचे इंजिनच मुलाने मला न विचारता बदलले होते. "बाबा, मागच्या साली गाडी चालू कराले हँडल मारता मारता मनगट मोडलं तुमचं. आता चाबी फिरवा अन् चला," तो म्हणाला. "मनगट माझं मोडलं होतं, जीपचं नाई," मी म्हणालो. सोयच हवी असेल तर नवी गाडी घ्यावी. जुन्या पत्र्याखाली परके इंजिन लपवू नये. ताट घेऊन उभ्या असलेल्या पत्नीने विचारले, "आता मी ओवाळू कोनाले जी?" मी मालवाहू रिक्षा बोलावली आणि चंद्रपूरचे गॅरेज गाठले. मिस्त्री हसला. "भंगारवाला येऊन गेला, भाऊ. तुमचं जुनं इंजिन मी देल्लं नाई. काम पोराचं, पण शिव्या तुमच्याच खाव्या लागतीन ना!" दुपारी इंजिन घरी उतरवले. पत्नीने चकाकत्या जीपला वळसा घातला, इंजिनाला कुंकू लावले आणि ओवाळले. ती जीप आजही मुलगाच चालवतो. मी तिच्यात बसलेलो नाही. त्या संध्याकाळी मी इंजिनाचे प्लग काढले, गंज धरू नये म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले, प्लग पुन्हा घट्ट बसवले आणि वर ताडपत्री बांधली.