साक्षीदाराची सही

"वहिनी, सोमवारी येतेय, आठ-दहा दिवस राहीन," असा माझ्या नणंदेचा फोन आला, तेव्हा मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली. गेल्या वीस वर्षांत ती राहू गावी आमच्या घरी सलग दोन दिवस राहिलेली नव्हती. सकाळी यायचं, देवाला नारळ फोडायचा, भावाला राखी बांधायची आणि दिवस मावळायच्या आत मुंबईची गाडी धरायची. आता दहा दिवस कशाला?

मला उत्तर माहीत होतं. जमीन. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर माझ्या नवऱ्याबरोबर तिचंही नाव वारस म्हणून लागलं होतं. आमच्याकडे बहीण पुढे कधीतरी भावाला हक्कसोड करून देते. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन आपला वाटा सोडल्याची सही करते, भाऊ साडी घेतो आणि विषय संपतो. तिची तेवढी सही राहिली होती. दिवाळीनंतर बघू, शूटिंग संपू दे, असं करता करता वर्षं गेली. तोवर आमच्या रस्त्यावर मोठ्या गाड्या थांबायला लागल्या, गॉगलवाले लोक आमच्या उसाकडे बघत फोनवर बोलायला लागले, आणि ती राहिलेली सही मला उठताबसता दिसायला लागली.

माझी नणंद सिनेनटी आहे. मी शिरूरजवळच्या निमोण्याहून लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा ती दौंडच्या कॉलेजात होती आणि गॅदरिंगच्या नाटकात काम करायची. दोन वर्षांनी पुण्याला एका नाटकासाठी म्हणून गेली आणि तिथून परस्पर मुंबईला. सासऱ्यांनी चार वर्षं तिचा विषय घरात काढू दिला नाही. मग तिचे सिनेमे यायला लागले. आधी नायकाची बहीण, मग नायिका. सलूनवाल्याने तिचा फोटो आरशाच्या वर लावला. नायिका म्हणून तिचा पहिला सिनेमा दौंडला लागला तेव्हा सासरे, "कांद्याचा बाजार बघून येतो," म्हणून शिरूरला गेले आणि तिकडच्या थेटरात एकटेच बघून आले. माझ्या वडिलांना ते थेटराच्या दारातच भेटले, म्हणून मला कळलं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मला तिचा राग यायचा, हे खरं कारण. सकाळी म्हशीची धार काढून, डबे भरून, जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस पोरं सांभाळून मी घरी यायचे, आणि येणारा-जाणारा मला विचारायचा ते तिचं कसं चाललंय म्हणून.

तिचं नंतर काही फार बरं चाललं नाही. नायिकेची वहिनी झाली, वहिनीची आई झाली. एका सिनेमात तर तिच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान असलेल्या नटाची आई झाली आणि त्यात मेलीसुद्धा. पुढे मालिकेतली खाष्ट सासू. मग तेही थांबलं. चाळिशी उलटल्यावर ती एका तरुण दिग्दर्शकाच्या हाताखाली सहायक म्हणून राहिली. एडिटिंगच्या खोलीत दिवस दिवस बसून शिकली. आणि आता ती स्वतः पहिला सिनेमा करणार होती, आणि तो आमच्या शेतात. निदान सांगत तरी असंच होती.

"विषय काय आहे सिनेमाचा?" मी फोनवरच विचारलं.

"घरातलाच आहे, वहिनी."

एवढंच बोलली. एरवी दोन तास फोनवर बोलणाऱ्या बाईने मिठाची गुळणी धरली की मला संशय येणारच.

येताना तिने माझ्यासाठी इरकल साडी आणली. मी ती उलटून पालटून पाहिली. इतकी भारी साडी उगाच कोण देतं? मीही तिला पुरणपोळीचा आग्रह केला, वाटीभर तूप वाढलं. तिनेही वाटीकडे जरा वेळ बघितलं. दोघी गोड गोड बोलत होतो आणि दोघी एकमेकींवर डोळा ठेवून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन माणसं घेऊन शेतात गेली. माझे चुलतसासरे, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, ते धापा टाकत घरी आले.

"सूनबाई, पोरगी बांधावरनं पावलं मोजत चाललीया. आन् तीन पायाचा स्टँड लावलाय. मोजणीवालंच हाय ते, मी माझ्या डोळ्यानं बघितलं."

मी शाळेला निघाले होते, तशीच गाडी शेताकडे वळवली. आबा खोटं बोलत नव्हते. बांधाच्या टोकाला तिपाई उभी होती, एक माणूस तिच्यावरच्या यंत्राला डोळा लावून वाकला होता, आणि नणंद "अजून चार पावलं डावीकडे" असं ओरडत होती. मोजणी खात्याचे लोक येतात तेव्हा अगदी असंच चालतं. शेजारच्या गुऱ्हाळावरचा उत्तर प्रदेशातला कामगार मला म्हणाला, "भाभीजी, जमीन नप रही है क्या?" त्याला काय सांगणार? बांधावर पांढऱ्या फक्कीच्या फुल्या मारलेल्या होत्या. तीन कोपऱ्यांत तीन.

संध्याकाळी नवऱ्याने खोरं घेऊन त्या फुल्या खरवडून काढल्या. सकाळी पुन्हा फुल्या. पुन्हा खोरं. तिसऱ्या दिवशी तो कॅमेरावाला वैतागून म्हणाला, "इथली जनावरं फक्की खातात का हो?" नवरा खाली मान घालून चहा पीत बसला.

त्याला बहिणीशी बोलायचं धाडस नव्हतं. "तूच बोल," म्हणाला. "मी बोललो तर भांडान व्हईल. तू शिकल्याली हायेस."

मी बोलले. ती ओट्यावर बसून कागदांवर चित्रं काढत होती, चौकटीत चौकटी. मी समोर उभी राहिले.

"ताई, आडपडदा नको. वाटा मागायला आलात ना?"

तिचा चेहरा पडला. पडद्यावर मी तिला शंभर वेळा रडताना पाहिलं होतं, पण हा चेहरा मी ओळखत नव्हते. मला क्षणभर वाईट वाटलं आणि लगेच वाटलं, नटीच आहे ती.

"पांढऱ्या फुल्या कोण पुसतं ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "कॅमेरा कुठे ठेवायचा त्याच्या खुणा होत्या त्या. लिहून आणा हक्कसोड, शूटिंग संपलं की दौंडला जाऊन सही करते. फक्त एक. साक्षीदार म्हणून सही तुमची पाहिजे. तुम्ही नसाल तर मीही करणार नाही."

"मीच का?"

"तुम्हीच विचारलंत म्हणून."

साक्षीदार दोन लागतात. एक आबा होतेच, दुसरी मी. म्हणजे अडचण काहीच नव्हती. तरी ती अट माझ्या डोक्यातून जाईना. एवढी जमीन कोणी इतक्या सहज सोडतं का? नवरा मात्र खूश झाला. त्याने दौंडच्या वकिलाकडून कागद करून आणला आणि शूटिंगवाल्यांना उसाचा रस पाजला.

शूटिंग सुरू झालं. मी सुट्टीच्या वेळात लांब उभी राहून बघायचे, डोळ्यांत तेल घालून. दिग्दर्शन म्हणजे आरडाओरडा असेल असं मला वाटायचं. ती ओरडत नव्हती. भर उन्हात डोक्याला पंचा बांधून नटीच्या शेजारी उकिडवी बसायची, तिच्या कानात काहीतरी सांगायची आणि बाजूला व्हायची. पटलं नाही की पुन्हा. सातव्यांदा, आठव्यांदा. इतकी चिकाटी तिच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते मान्य करायला मला जड गेलं.

शेवटच्या दिवशी, रविवारी, त्यांना एक कचेरी हवी होती. रीतसर परवानगी काढून माझ्याच शाळेतल्या एका वर्गाची त्यांनी दुय्यम निबंधकाची कचेरी केली. टेबल, फायली, फोटो काढायचा छोटा कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र. किल्ली माझ्याकडे म्हणून मी तिथेच थांबले. आणि तेव्हा मला तिच्या सिनेमाचा विषय कळला. एक बहीण भावांसाठी हक्कसोडीची सही करते, तो प्रसंग होता.

माझं डोकं तापलं. हिने आमचं घर चव्हाट्यावर मांडायचं ठरवलंय, असंच मला वाटलं.

सही करतानाचा फक्त हात दाखवायचा होता. नटीचा हात गोरा, नखं लांब. नणंदेने तो दोनदा घेतला आणि मान हलवली. मग ती वळून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या बोटांना खडू होता, मनगटावर तव्याचा जुना डाग होता.

"वहिनी, तुमचा हात द्या."

नाही म्हणायला हवं होतं. पण सगळे बघत होते. मी बसले. तिने काहीतरी खूण केली, कॅमेरा सुरू झाला, आणि मी समोरच्या कागदावर झटकन सही करून मोकळी झाले.

"कट. इतक्या पटकन?"

"मी अशीच केली होती," मी म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "कुठे?"

"शिरूरला."

वडील गेल्यावर माझे भाऊ मला न्यायला जीप घेऊन आले होते. शिरूरला मिसळ खाल्ली. कचेरीत गर्दी होती, त्यात फोटो काढला, अंगठा दिला, त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. मग मला हिरवी साडी घेतली आणि दुपारच्या आत घरी आणून सोडलं. मी आनंदात होते. पोरांच्या वहीतली शेवटची ओळ वाचल्याशिवाय मी शेरा देत नाही, पण तो कागद मी वाचला नव्हता. वाचावासा वाटला असता तर भावांना काय वाटलं असतं?

"पंधरा सिनेमांत मी अशी सही केलीय," नणंद म्हणाली. "एकदाही कोणी कॅमेरा कागदावर नेला नाही. आता वाचा. आम्ही थांबतो."

नवा कागद ठेवला. खऱ्या नमुन्यावरूनच उतरवलेला होता. मी वाचायला लागले. कोणताही मोबदला न घेता. कोणाच्याही दबावाला बळी न पडता. स्वखुशीने. त्या शब्दापाशी मी आले आणि माझं पेन हललं नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. ती "कट" म्हणाली नाही. मला रडू आलं आणि त्याचा मला भयंकर राग आला, तिचा आला, माझा आला, त्या हिरव्या साडीचासुद्धा आला.

घरी येताना मी तिला सासऱ्यांची शिरूरच्या थेटराची गोष्ट सांगून टाकली. उतरताना ती फक्त म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही गप्प राहिलात?" मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दौंडला जायचं होतं. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आबा टोपी घालून गाडीत पुढे बसलेले. नणंद आधार कार्ड आणि दोन फोटो हातात घेऊन ओट्यावर उभी. मी दारातच थांबले.

"मी साक्षीदार होणार नाही," मी म्हणाले.

"आगं, काय बोलतीस?" नवऱ्याच्या हातातून गाडीची किल्ली पडली. "तूच तर मागं लागली व्हतीस!"

"होते. आता नाही."

"ताईनं तुला काय कबूल केलंय?" त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय? काय ठरलंय तुमचं दोघींचं?"

नणंदेने आधार कार्ड परत पर्समध्ये नीट ठेवलं. माझ्याकडे बघून हसली नाही की आभार मानले नाहीत. दुपारच्या गाडीने मुंबईला गेली. कागद अजून कपाटात आहे, सातबाऱ्यावर दोन्ही नावं आहेत. तिने हे सगळं आधीच ठरवलं होतं का, माझा हात तिला खरंच खडूसाठी हवा होता की ह्या दारापर्यंत मला आणण्यासाठी, हा संशय मला अजून आहे. विचारलं तर ती सांगेल, पण नटीचं उत्तर कितपत खरं मानायचं?

घरात आता संशयाने माझ्याकडे बघतात. मी फोनवर हळू बोलले की नवरा टीव्हीचा आवाज कमी करतो. आबा मला बघून बोलता बोलता थांबतात.

आणि मागच्या आठवड्यात निमोण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. सहा महिन्यांनी.

"ताई, बरी हायेस ना? न्हाई, सहज केला. तुमच्याकडं कुठली सही थांबली म्हणं?"

"थांबली."

"मंग... तुझ्या मनात तसलं काय न्हाई ना? म्हंजी तू तर कवाच करून दिलीय."

"दिलीय ना. भाऊबीजेला येते मी. तेवढी त्या कागदाची एक प्रत काढून ठेव. मी तो अजून वाचलेला नाही."