उलट्या फेऱ्याचा रुमाल

माझ्या डाव्या हातानं लहानपणी जेवढा मार खाल्ला तेवढा आमच्या घरात दुसऱ्या कुणी खाल्ला नसेल. जेवताना तो चुकून ताटाकडं गेला की आईची चापट, शाळेत पाटीकडं गेला की बाईंची पट्टी. शेवटी लिहायला आणि जेवायला मी उजवा हात चालवायला शिकले. विणकाम मात्र डाव्याच हातानं आलं, आणि त्याबद्दल मी आजही कुणाचं काही ऐकून घेत नाही.

शिकवलं शेजारच्या चाचींनी. राजारामपुरीत आमच्या दोन खोल्यांना लागून त्यांचं घर होतं, आणि त्यांच्या मालकांचं सायकलचं दुकान. त्यांनी चाकाची जुनी तार कानशीनं घासून, टोकाला आकडा काढून मला क्रोशाची सुई करून दिली. चाची उजव्या हाताच्या. पहिल्या दिवशी माझी तारांबळ बघून त्या म्हणाल्या, "बाजूला नगं, माज्या म्होरं बस. आरशात बगतीस तसं कर." तशी मी बसले, आणि महिन्याभरात साखळ्या, खांब, जाळ्या सगळे टाके हातात बसले. मग मला दुसरं काही सुचेना. दोरा संपला की केलेलं उसवायचं आणि पुन्हा विणायचं. वडील म्हणायचे, या पोरीला कोळ्याच्या घरात द्या.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, एक स्थळ सांगून आलं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मुलगा शाळामास्तर, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहणारा. अक्कानं त्याला येताजाता पाहिलं होतं. मुलीला विचारायची तेव्हा कुठं पद्धत होती? पण एका दुपारी विहिरीवर धुणं धुताना ती मला म्हणाली, "हे जमलं नाही तर मला दुसरं कुठलंच नको बघ." मला एकटीलाच तिनं हे सांगितलं होतं.

मुलगी बघायला पाहुणे आले की तिच्या हातचं म्हणून विणकाम, भरतकाम मांडून ठेवायचं, ही तेव्हाची रीत. अक्काला सुईदोऱ्याचा मनस्वी कंटाळा. तेव्हा आईनं माझी विणकामाची पत्र्याची पेटी उघडली. "तुझं काय आणि तिचं काय, घरातलंच हाय की," म्हणाली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मी फुशारलेच. पुढं निरोप आला, की मुलाची आत्याही येणार आहे आणि तिला क्रोशातलं सगळं कळतं. आईनं मला फर्मावलं, आठ दिवसांत अक्काला शिकव. मी म्हटलं, चाचींना सांगू या. "गप बस. घरातली गोष्ट दाराबाहेर जायला नको," आई म्हणाली. चाचींना विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं, काय घोटाळा होणार आहे तो.

मी अक्काला समोर बसवून शिकवलं. आठव्या दिवशी तिला उजव्या हातानं साखळी आणि खांब जमायला लागले, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पाहुणे आले. आईनं एक हुशारी केली होती. माझा गोल रुमाल अर्धवटच, सुईसकट पाटावर ठेवला होता. मुलगी आत्तापर्यंत विणतच बसली होती असं वाटावं म्हणून. आत्याबाईंनी तो उचलला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "काय झकास हात हाय! पोरी, येवढा एक फेरा म्होरं ने बगू."

उजव्या हाताची बाई गोल विणते तेव्हा तिचा फेरा उजवीकडून डावीकडं सरकतो. माझा नेमका उलटा. हे मला तोवर माहीतच नव्हतं. सुई धरणाऱ्या आम्ही दोघीच, चाची आणि मी, आणि चाचींच्या समोर बसून मला सगळं बरोबरच दिसायचं. अक्कानं उजव्या हातात सुई धरली. पुढं जायच्याऐवजी ती मी केलेल्या खांबांवरच मागं चालली. तिनं उसवलं, रुमाल पालथा केला, पुन्हा सुलटा केला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला सगळं दिसत होतं आणि मला तोंड उघडायची बंदी होती. आईकडं बघितलं तर ती जमिनीकडं बघत होती. परकराच्या घोळात माझा डावा हात आपोआप फिरायला लागला होता, हे मला कळलं तेव्हा आत्याबाई माझ्याकडंच बघत होत्या.

"ह्यो हात हिचा न्हाय. त्या बारकीचा हाय," त्या म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साधेपणानं. आई काहीतरी पुटपुटली. आत्याबाई म्हणाल्या, "काम लई चांगलं हाय ओ. पर आमी मुलगी बगाय आलतो की."

मास्तरांनी एकदा मान वर करून अक्काकडं पाहिलं आणि परत खाली घातली. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी कोपऱ्यात रडत बसले तेव्हा अक्काच जवळ आली आणि म्हणाली, "तू कशाला रडतीस? तुझा हात तर चांगलाच निघाला की." यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला आजवर विसरता आलेलं नाही.

दोन वर्षांनी अक्का शाहूवाडीकडं एका भातशेतीवाल्या घरात गेली. घर वाईट नव्हतं, माणसं मायाळू होती. तिथं विणकामाचं कुणी विचारलंही नव्हतं. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले, तर दुपारी सगळी शेतावर गेल्यावर ती म्हणाली, "मला तो रुमाल शिकव."

मी म्हटलं, बस समोर. ती समोर बसली नाही. माझ्या बाजूला येऊन बसली आणि सुई डाव्या हातात घेतली. "तुझ्यासारखाच यायला पाहिजे," म्हणाली. मी समजावलं, ओरडले, पण ती ऐकेना. भाकऱ्या थापून, चारा कापून उजवा हात घट्ट झालेला माणूस डाव्या हातानं विणतो, ते बघवत नाही. पंधरा दिवस मी तिची बोटं धरून सुई फिरवत होते. दुसरं मला काय करता येणार होतं?

निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझा रुमाल आणि तिचा रुमाल बाजेवर शेजारी पसरले. दोन्हींचे फेरे एकाच बाजूला गेले होते. कुठला माझा ते मलाच पटकन सांगता येईना.

"आता त्या आत्याबाई आल्या असत्या तर?" अक्कानं विचारलं.