तीन गाण्यांची परवानगी

तो अमेरिकन गायक आमच्या इस्पितळात आला, तेव्हा मला कुवेतमध्ये तीन वर्षं झाली होती. साठच्या दशकाचा मध्य असेल. मी मिरजेला नर्सिंग शिकले, तिथेच काही वर्षं काम केलं आणि धाकट्या भावांची शिक्षणं व्हायची होती म्हणून कुवेतला आले. शहरातल्या दस्मान भागात समुद्रालगत वीस खाटांचं एक खासगी इस्पितळ होतं. तिथे घशाचे डॉक्टर पॅलेस्टिनी होते, कमी बोलणारे, शिस्तीचे. त्यांच्या विभागाची सिस्टर मी.

गायक चोवीस वर्षांचा होता. उंच, वाळलेला, नखं कुरतडायची सवय. चौघांचा त्यांचा रॉक बँड तेलाच्या गावांमधून कार्यक्रम करत फिरत होता. अहमदी या तेल कंपनीच्या गावातल्या क्लबात पहिल्याच कार्यक्रमात त्याचा आवाज गाण्याच्या मध्येच बंद पडला. दुसऱ्या दिवशी त्याला आमच्याकडे आणलं. स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या. डॉक्टरांनी त्या काढल्या आणि माझ्यासमोर त्याला बजावलं, "दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मग थोडं थोडं बोला. गाणं मात्र दोन महिने नाही."

बाकीचे तिघे ठरलेले कार्यक्रम करायला पुढे निघून गेले. ह्याला जायला जागा नव्हती, म्हणून डॉक्टरांनी त्याला मागच्या अंगाच्या खोलीत राहू दिलं. तिथून समुद्र दिसायचा आणि होड्या डागडुजीला ओढून ठेवलेल्या असायच्या.

मी त्याला एक वही आणि पेन्सिल दिली. ड्यूटी संपली की मी अर्धा तास त्याच्या खोलीत बसायची. मी बोलायची, तो लिहायचा. असं त्याचं सगळं आयुष्य मी वाचलं. बाप न्हावी. गाणं चर्चमध्ये सुरू झालं. शाळेतल्या तीन मित्रांबरोबर एका गॅरेजमध्ये बँड काढला. पहिला कार्यक्रम लोक चाकांचे बूट घालून गोल फिरतात अशा एका हॉलमध्ये झाला आणि कुणीही फिरायचं थांबलं नाही. मग लग्नं, जत्रा, दारूचे गुत्ते. आठवड्यातून सहा-सहा रात्री तो गायचा, माइक धड नसायचा, म्हणून ओरडायचा. पदरमोड करून एक तबकडी काढली, ती त्यांच्या गावच्या रेडिओवर पंधरवडाभर वाजली आणि मग विसरली गेली. त्यानंतर ही परदेशची फेरी मिळाली.

"घसा दुखत होता, तेव्हा थांबला का नाहीत?" मी एकदा विचारलं.

त्याने लिहिलं, "मी थांबलो तर दुसरा कुणी गाईल."

त्याने मला ती तबकडी दाखवली होती. पण इस्पितळात ग्रामोफोन नव्हता आणि माझ्या ओळखीत कुणाकडेही नव्हता. ज्या माणसाची इतकी काळजी मी घेत होते, त्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. दोन आठवडे संपल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "गुड मॉर्निंग, सिस्टर," एवढंच. आवाज जड होता, पण स्वच्छ. डॉक्टर घशात छोटा आरसा घालून बघायचे आणि मान हलवायचे. सगळं ठीक चाललं होतं.

पाचव्या आठवड्यात डॉक्टर बहिणीच्या लग्नाला बैरूतला गेले. ते शनिवारी परत येणार होते. मंगळवारी त्याचा गिटार वाजवणारा मित्र आला. हसतमुख, गोड बोलणारा. बँड परतीच्या वाटेवर होता आणि गुरुवारी संध्याकाळी अहमदीच्या क्लबात त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. तो मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, बैरूतच्या एका मोठ्या हॉटेलचे मॅनेजर ऐकायला येणार आहेत. सहा महिन्यांचं काम आहे. पण त्यांना आमचा खरा गायक ऐकायचा आहे, मी नाही. त्याने फक्त तीन गाणी म्हटली तरी पुरे."

"डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत," मी म्हणाले.

"तो म्हणतो, सिस्टर हो म्हणाल्या तरच गाईन. तुम्ही पण या ना. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो."

 विचार करते म्हणाले. खरं तर विचार असा काही केलाच नाही. तीन वर्षं मी इस्पितळ आणि नर्सेसची खोली एवढ्यातच होते. अहमदीचा क्लब म्हणजे साहेबलोकांची जागा, तिथे आमच्यासारखीला पहिल्या रांगेत कोण बसवणार? शिवाय तो आवाज एकदा ऐकायची मला हाव सुटली होती. आज इतक्या वर्षांनी दुसरा कुठलाही शब्द मला सापडत नाही.

बुधवारी सकाळी मी त्याच्या खोलीत गेले. तो खिडकीशी उभा होता.

"डॉक्टर काय म्हणतील?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"डॉक्टर शनिवारी येतील," मी म्हणाले. "तीनच गाणी म्हणा. सांभाळून. दुखायला लागलं तर थांबा."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. मला त्या क्षणी आपण फार मोठं काही दिलं असं वाटलं.

गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या गाडीने निघालो. गाडी चालवणारे चाचा दापोलीकडचे, कोकणी मुसलमान, वयाने वडिलांच्या जागी. माझ्याशी नेहमी मराठी बोलायचे. गायक आपलं जाकीट आणायला मागे गेला, तेव्हा चाचांनी मला विचारलं, "बाय, डॉक्टरांनी त्याला गाऊ नको म्हणून सांगितलंन होतं ना?"

"तीनच गाणी आहेत, चाचा."

"तू सांगतेस तर जाऊया," ते म्हणाले आणि गाडीचं दार उघडलं.

क्लबात पंखे होते, पांढऱ्या टेबलक्लॉथवर काचेचे ग्लास होते आणि पहिल्या रांगेत खरंच माझी खुर्ची होती. मी निळी साडी नेसले होते. चाचा मागे दाराशी उभे राहिले. पहिलं गाणं संथ होतं. त्याचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. इंग्रजी शब्द निम्मे कळत नव्हते, पण आईपाशी काहीतरी कबूल करावं तसं तो गात होता. दुसरं गाणं जलद, लोक टाळ्या वाजवत ताल धरू लागले. तो घामाने भिजला होता आणि हसत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ठीक आहे.

तिसऱ्या गाण्यात सूर वर चढत जात होता. वर, अजून वर, आणि तिथे आवाज मधोमध फाटला. लोकांना वाटलं हीच त्याची शैली. ते अधिकच जोरात ओरडले, टाळ्या वाजवल्या. गिटारवाल्याने त्याला पुढे गाण्याची खूण केली. तो गायला, फाटक्या आवाजात, शेवटापर्यंत. मी खुर्चीतून अर्धी उठले आणि पुन्हा बसले. उठून मंचावर गेले असते तर कदाचित एक कडवं वाचलं असतं. इतक्या लोकांसमोर जायची मला लाज वाटली.

परतताना तो मागच्या सीटवर बसला होता. त्याने रुमालात खोकून पाहिलं आणि रुमाल मिटून खिशात ठेवला. तरी मला त्याच्यावरचं रक्त दिसलं. चाचांनाही आरशात दिसलं असावं.

शनिवारी डॉक्टरांनी त्याच्या घशात आरसा घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग विचारलं, "काय केलंत?"

त्याने वही ओढली आणि लिहिलं, "मी गायलो. माझा मीच गेलो. कुणाला विचारलं नाही."

डॉक्टरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले. "मला वाटलं मित्राबरोबर फिरायला गेलेत."

गायकाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला सांभाळायचं त्याने ठरवलं होतं आणि मी त्याला ते करू दिलं. डॉक्टर म्हणाले, "तंतूला जखम आहे. व्रण राहील. बोलता येईल. गाण्याचं मी काही सांगू शकत नाही." ते बोलताना त्यांचाही चेहरा पडला होता.

बैरूतचं काम बँडला मिळालं. त्यांनी तिथला एक मुलगा गायला घेतला. हा दोन आठवड्यांनी एकटाच विमानाने आपल्या गावी गेला. गाडीत बसण्याआधी त्याने मला ती तबकडी दिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चांगलं गायलो ना मी?"

"फार चांगलं," मी म्हणाले. एवढंच खरं मी त्या दिवसांत बोलले असेन.

चाचांनी त्या गुरुवारचा विषय कधीच काढला नाही. पण त्यानंतर मला ते "बाय" म्हणायचं थांबले. "सिस्टर" म्हणू लागले.

वर्षभराने त्याचं पत्र आलं. काकांच्या टायरच्या दुकानात काम करत होता. एकदा चर्चमध्ये गाऊन बघितलं, खालच्या सुरात जमतं, वर जात नाही, असं लिहिलं होतं. बँडने नवी तबकडी काढली होती आणि ती आता बऱ्याच शहरांत वाजत होती, हेही त्याने मोठ्या मनाने कळवलं होतं. मी चार पानी उत्तर लिहिलं. कुवेतची थंडी, रुमैथियाकडे उठणारी नवी घरं, भावाची परीक्षा, सगळं लिहिलं. माफी मागायची होती, ती तेवढी लिहिली नाही. पुढच्या पत्रात लिहीन म्हटलं. पुढचं पत्र "पत्त्यावर नाही" असा शिक्का घेऊन परत आलं.

दशक संपत आलं तेव्हा मी कुवेत सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना भेटायला गेले आणि सगळं सांगून टाकलं. परवानगी मी दिली होती, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, असं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोण अमेरिकन?" त्यांनी विचारलं.

मी आठवण करून दिली. मागची खोली, वही, अहमदीचा क्लब. ते प्रामाणिकपणे आठवत राहिले, पण इतक्या वर्षांत हजारो घसे त्यांनी पाहिले होते. शेवटी म्हणाले, "असेल. तरुण माणूस होता, दुसरं काही करत असेल." आणि माझ्या प्रवासासाठी त्यांनी खजुराचा डबा दिला.

मी आभार मानले आणि बाहेर आले. माफ करणारं तिथे कुणी नव्हतं. मग सामान बांधायचं राहिलं होतं, ते बांधायला गेले.