सुलोचनाबाईंची रेघ

सुलोचनाबाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी बसत नसत. चपला काढायच्या, वाकून भिंतीच्या पायथ्याशी तळहात टेकवायचा आणि मग घरधन्याकडे वळायचं. "घर बरं आहे. आता तुमची तब्येत सांगा." आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी बायको हातात चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली.

बाई आरमोरीच्या, शिकून इंजिनिअर झालेल्या. कुरखेड्यात मुलींचं दुमजली वसतिगृह उभं राहत होतं, तेव्हा त्यांनी पायाच्या सळ्यांना केसाएवढी काचेची तार बांधली आणि मगच काँक्रीट ओतू दिलं. तारेतून उजेड सोडायचा. पाया जिथे ताणला जाईल तिथून परतणारा उजेड बदलतो आणि लॅपटॉपवरची रेघ तिथेच वर चढते.

मी शाळेत मास्तर आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेच्या, नाटकांत खलनायक. म्हणालो, "म्हणजे बाई, ही इमारतीची नाडीच!"

"नाडी नाई, मास्तर. तार आहे. काऊन इथी नाटक करून राह्यले?"

तारेचा प्रकल्प संपला, त्यावरचे बाकीचे साहेब गेले. बाई मात्र दर पावसाळ्यानंतर आणि दर उन्हाळ्यात येत राहिल्या. पाणी पिऊन माती फुगली की रेघ हलायची, माती सुकली की जागेवर यायची. गावाने त्यांचं नाव 'तारवाली बाई' ठेवलं.

मग एका हिवाळ्यात जिन्याच्या भिंतीला उभी भेग पडली. पाहायला आलेले साहेब म्हणाले, पाया खचला असणार, वसतिगृह रिकामं करा. मुली ट्रंका भरू लागल्या. बऱ्याच जणी आत जंगलातल्या गावांच्या. वर्षाच्या मध्यात घरी गेलेली मुलगी सहसा शाळेत परत येत नाही, हे आम्हा मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

"पाया इतकी वर्षं जागेवरच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "वझं टाकून पाहू. वझं सगळेच घेतेत. उतरवल्यावर जागेवर येते का नाई, ते पाहाचं."

वजन म्हणून काय टाकायचं? धान नुकतंच घरात आलं होतं. लोकांनी आपापल्या खुणेची पोती आणून दिली. आधी बाई एकट्या वर जाऊन आल्या. मग रेघ पाहत पाहत, थोडी थोडी पोती वरच्या खोल्यांत चढवू दिली. रेघ चढली. साहेबांनी कपाळ पुसलं. पोती खाली आली. रेघ उतरू लागली आणि माझ्यासारख्या खलनायकानेही हात जोडले.

पण एका टोकाला ती उतरेना.

"पाहा," साहेब म्हणाले, "तिकडचा पाया गेला."

बाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "वर कोपऱ्याच्या खोलीत कोणाचं तरी धान आहे."

आम्ही धावत वर गेलो, मागोमाग बाईही आल्या. कोपऱ्याच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. आत न उतरवलेल्या पोत्यांची थप्पी, वर घोंगडी आणि शेजारी गावातला शेतकरी झिंगरूभाऊ.

"ढग आले ना बाई," तो खाली पाहत म्हणाला. "मले वाटलं, इथी कोरडे राहतीन."

"झिंगरूभाऊ, तुमच्या धानापायी मुली घरी चालल्या होत्या ना!"

झिंगरूभाऊने पहिलं पोतं स्वतः पाठीवर घेतलं. शेवटचं पोतं अंगणात पडलं आणि रेघ जागेवर आली. भेग नुसत्या भिंतीची निघाली, ती बुजवली. मुलींनी ट्रंका पुन्हा उघडल्या. त्या गोंगाटापुढे आमच्या मंडईचा बँड फिका!

बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचा कार्यक्रम तिथेच, वरच्या मजल्यावर ठेवला. भाषणं झाली, शाल आली, बाईच नाहीत. मी खाली आलो तर त्या झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसलेल्या.

"बाई, वर चला. सगळे थांबलेत."

"अख्खं गाव वर चढलं आहे, मास्तर. आधी उतरू द्या."

शेवटी कार्यक्रमच खाली आणावा लागला. सगळे उतरले, रेघ जागेवर आली, तेव्हा कुठे त्यांनी लॅपटॉप मिटला आणि शाल घेतली. जाताना वाकून भिंतीच्या पायथ्याशी तळहात टेकवला, माझ्याकडे वळल्या.

"घर बरं आहे. आता तुमची तब्येत सांगा."