आरसा दोघींनी घासला, नाव मात्र एकीचं

मंडळी, अजून राग जाईना, म्हणून लिहितेय.

विद्यापीठाच्या आमच्या खगोल मंडळासाठी मी आणि माझी जिवलग मैत्रीण पल्लवी, दोघींनी मिळून दुर्बिणीचा आरसा काच हातानं घासून घडवला. मंगळवार पेठेत, आमच्याच गच्चीवर, बोटं सोलेपर्यंत.

आज प्रदर्शनात पाहुण्या सरांनी विचारलं, "आरसा कुणी केला?"

"मी केला, सर. ही सामान उचलायला यायची," पल्लवी म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभी होते.

"मग ओरखडे कसे घालवलेस?"

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. सवयीनं मीच सगळं समजावून सांगितलं.

सर हसून तिला म्हणाले, "मदतनीस हुशार हाय की तुझी!"

पल्लवीपण हसली.

सरांना खरं सांगायला तोंडच उघडलं नाही माझं. तुम्ही बोलला असता का?